सुरंगीची परी आणि आत्याची नागीण

समुद्राच्या जवळ, जिथे फाल्गुनात वाऱ्यालाही सुरंगीचा वास येतो, अशा एका गावात कुंदी नावाची आठ वर्षांची मुलगी राहत होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात ती आणि तिची यमुनाआत्या, दोघीच. पहाटे कुंदी बागेतून पांढऱ्या-पिवळ्या फुलांची टोपली भरून आणायची आणि आत्या त्यांचे गजरे ओवायची. गजरे विकले गेले की चूल पेटायची.

बागेत कुंदीचा एक नेम होता. सगळ्यांत खालच्या फांदीवरची फुलं ती तोडत नसे. ती मधमाश्यांची.

एके दिवशी आत्याच्या उजव्या कुशीत आग पेटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा उठला आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक बारीक पुळ्या आल्या. शेजारचे गुणाजीकाका बघून म्हणाले, "नागीण आहे ही, यमुनाबाय."

नागीण म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती अंगाभोवती सरकत जाते, तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस राहत नाही, असं सगळे सांगत. गुणाजीकाकांनी गेरू कालवला, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि कोंबडीच्या पिसाने आत्याच्या अर्ध्या अंगावर जाड लाल लेप काढला. ते कुणाकडून पै घेत नसत.

"सात दिवस पुसायचा नाही. पाणी लावायचं नाही," ते म्हणाले.

लेपाखाली नागीण कुठवर पोचली, ते आता कुणालाच दिसत नव्हतं. पहाटे कुंदी बागेत गेली, पण तिचा हात फुलांकडे वळेना. आईसारखी आत्याही गेली तर? ती खालच्या फांदीपाशी बसून राहिली.

तेवढ्यात त्या फांदीवरचं एक फूल उजळलं. त्यातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिचे पंख दुधाच्या सायीसारखे पातळ होते आणि केसांत केशरी परागांची चमचम होती.

"माझं घर तू कधी तोडलं नाहीस," परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम आहेत. इच्छा या फुलाच्या वाटीत मावेल एवढीच हवी. कुणाचं मन मी बदलणार नाही. आणि ऐकलेलं मागायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं मागायचं."

"मग नागिणीचं तोंड शेपटाला लागू देऊ नकोस."

"तोंड पाहिलंस तू?"

"नाही. गेरू आहे ना वर."

"तर आधी पाहून ये," परी म्हणाली आणि फुलात शिरली.

घरी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. कुंदीने गार पाणी आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणला.

"नको गो बाय. सात दिवस सांगितलेत."

"आते, मला फक्त बघायचंय."

"आणि जुळलेली दिसली तर?"

"तर मी तुला सांगेन," कुंदी म्हणाली. "पण बघू दे."

आत्याने पाठ वळवली.

कुंदीने लेप अलगद, न घासता भिजवून काढला. पुळ्यांचा पट्टा मागे कण्यापासून निघाला होता आणि उजव्या बगलेखालून पुढे छातीच्या मध्यावर येऊन संपला होता. डाव्या बाजूला एक पुळीसुद्धा नव्हती.

"आते, कण्याशी थांबलीय. पुढेही मध्यावर थांबलीय. तोंडही नाही आणि शेपूटही नाही. नुसत्या पुळ्या."

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

दारात गुणाजीकाका उभे होते. "पुसलंस होय गो? आगाऊ कुठली."

"काका, तुम्हीच बघा ना. आजवर पलीकडे गेलेली कितींची पाहिलीत?"

काकांनी वाकून पाहिलं. मग उंबऱ्यावर बसले. "चाळीस वर्षं मी गेरू काढतोय," ते हळूच म्हणाले. "पलीकडे गेलेली एकही पाहिली नाही. मला वाटायचं, माझा गेरू अडवतो तिला."

"मग ही आग कशाची?" आत्याने विचारलं.

"ते मला नाही माहीत," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. "सरकारी दवाखान्यात विचारू. मी येतो बरोबर."

पण आत्याला अंगावर पोलकं सहन होईना. नुसता काठ लागला तरी ती कळवळायची. कुंदी बागेत धावली. आता मागायला तिच्याजवळ पाहिलेलं काही होतं.

"कापड टोचतंय तिला. न टोचणारं दे."

परीने पाकळीची घडी उलगडली, आणखी उलगडली, आणि तिचं धुक्यासारखं मऊ, सैल पोलकं झालं. ते घालून आत्या दवाखान्यापर्यंत चालत गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "पुळ्या कधी उठल्या?"

"काल सकाळी."

"वेळेत आलात. याच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो." मग त्यांनी कुंदीला विचारलं, "तुला कांजिण्या येऊन गेल्यात ना?"

"हो. मागच्या वर्षी."

"आत्यालाही लहानपणी आल्या असतील. त्या बऱ्या होतात, पण त्यांचं बी दुखणं कळवणाऱ्या शिरेत झोपून राहतं आणि कधीतरी नागीण होऊन पुन्हा जागं होतं. एक शीर अंगाच्या एकाच बाजूला पुरते, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो."

गुणाजीकाका मान खाली घालून सगळं ऐकत होते.

"पुळ्या फोडायच्या नाहीत. गार, ओलं फडकं ठेवायचं. खपल्या धरेपर्यंत तान्ह्या बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. ही दुखण्याची गोळी. आणि ह्या मुख्य गोळ्या, रोज पाच वेळा, सात दिवस. एकही चुकवायची नाही."

घरात घड्याळ नव्हतं. कुंदीने दुसरी इच्छा मागितली, आणि परीने पाच कळ्यांची एक इवलीशी डहाळी दिली. गोळीची वेळ झाली की एक कळी उमलायची, रात्री पाचही मिटायच्या. सात दिवसांत एकही गोळी चुकली नाही. पुळ्या सुकल्या, खपल्या धरल्या आणि गळून गेल्या.

ठणका मात्र राहिला.

"आते, पुन्हा दाखवू या ना."

"खपल्या पडल्या, आता काय दाखवायचं? दुखतं ते सोसायचं."

आत्या उजव्या कुशीवर वळत नसे. बसल्या बसल्या डुलकी लागली की दचकून जागी होई. ओवताना दोरा सुटला तर चिडे, आणि मग चिडल्याबद्दल रडे.

तिसरी इच्छा कुंदीने स्वतःसाठी ठेवली होती. तिला आईला एकदा बघायचं होतं.

"मावेल का फुलात?" तिने परीला विचारलं.

"निमिषभराची मावेल. आईला तू पाहिलंयस, तेव्हा नियमातही बसतं."

"आणि आत्याचा सगळा ठणका?"

"तो नाही मावत. एक दुपार मावेल. बिनठणक्याची."

कुंदीने खूप वेळ टाचेने माती उकरली. मग म्हणाली, "दुपार दे."

त्या दुपारी आत्या झोपली. ऊन अंगणातून सरकत कुंपणापर्यंत गेलं तरी उठली नाही. जागी झाली तेव्हा छपराकडे बघत पडून राहिली.

"न दुखणं असं असतं होय," ती म्हणाली. "विसरलेच होते मी. उद्या जाऊ गो त्या बाईंकडे."

डॉक्टरीणबाईंनी या वेळी वेगळ्या गोळ्या दिल्या, दुखावलेल्या शिरेसाठीच्या. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायच्या. आराम एका दिवसात पडला नाही. आठवड्यांनी पडला. आधी पोलकं सोसवू लागलं, मग वळणं, मग झोप. गुणाजीकाकांकडे कुणी नागीण दाखवायला आलं की ते आता गेरू कालवत नसत. चप्पल घालत आणि म्हणत, "चला, दवाखान्यात येतो तुमच्याबरोबर. तिसऱ्या दिवसाच्या आत जायला हवं."

बहर संपत आला तेव्हा आत्या एका पहाटे स्वतः बागेत आली. ती वरची फुलं काढत होती, कुंदी खाली होती. खालच्या फांदीवर परी बसली होती.

"आता मी निघते," परी म्हणाली. "जाताना एक देते."

"माझ्या तिन्ही संपल्या."

"हे मागितलेलं नाही. न मागितलेल्याला नियम नसतो."

परीने पंख पसरले. केशरी, सोनेरी, मग शुभ्र उजेड झाडभर पसरला, आणि त्यात कुंदीला आई दिसली. पदर खोचून उभी, ओंजळीत फुलं. तिने कुंदीकडे पाहिलं आणि ती हसली. उजेड पानापानांतून वर चढला, आभाळात मिसळला, आणि फांदीवर कुणी उरलं नाही.

"काय बघतेस गो एवढं?" आत्याने विचारलं.

"सांगते. चालता चालता सांगते."

आत्याने भरलेली टोपली उचलली, उजव्या कुशीवर टेकवली, आणि दोघी घराकडे निघाल्या.