दारुवर्म्याने मागितलेला वर

त्रेतायुग नुकतेच उजाडले होते आणि देवांची वाणी व माणसांची भाषा एकमेकींपासून हळूहळू दुरावत चालल्या होत्या, त्या काळी विंध्याच्या उत्तुंग कड्यावर, सालवृक्षांच्या निबिड छायेत, दारुवर्मा नावाचा शिल्पी आश्रम करून राहत असे. विश्वकर्म्याच्या शिष्यपरंपरेतला हा पुरुष. पण त्या परंपरेने त्याला कीर्तीपेक्षा कंबरदुखीच अधिक दिली. मनुष्याला आकाशात न्यायचे, या एका ध्यासापायी त्याची चाळीस वर्षे गेली होती.

प्रथम त्याने वेळूच्या चौकटीवर मृगाजिन ताणले, आणि थोरला पुत्र बभ्रु कड्यावरून झेपावून शंभर धनुष्ये अंतर तरंगत गेला. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि बभ्रु दरीत पडला. पुढे दुहेरी पंख आले, वळण्यासाठी पुच्छ आले. धाकटा तनुक आश्रमाला दोन प्रदक्षिणा घालून तिसरीत कोसळला. लोक 'धन्य, धन्य' म्हणत आपापल्या घरी गेले. ज्याचे जळते त्यालाच कळते. आता तिसरे विमान सिद्ध होते, पायांनी फिरवायचे काष्ठचक्र पुढे लावलेले, कड्यावाचून सपाट भूमीवरूनच उठणारे. आणि त्यात बसायला उरली होती एकटी कन्या पर्णिनी.

"तू बसू नकोस, बाळे," दारुवर्मा म्हणाला.

"पंख मी शिवले आहेत, तात. कुठला टाका कच्चा आहे ते मलाच ठाऊक."

तिच्याशी वाद घालण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. त्याने वायुदेवाची आराधना मांडली. एका पायावर उभे राहणे आता झेपणारे नव्हते, म्हणून बसूनच मांडली. बाराव्या दिवशी अरण्य हेलावले आणि वायुदेव प्रभंजन प्रकटला.

"वत्सा, वर माग!"

"हे मातरिश्वन्, हे जगत्प्राणा! मला कीर्ती नको, स्वर्ग नको. माझ्या कन्येच्या विमानाला कधीही पतन न घडो!"

"तथास्तु!"

दुसऱ्या दिवशी विमान धावले. चक्र घरघरले, पंख फुगले. पण ते भूमीपासून बोटभरही उचलले गेले नाही. तीन दिवस बापलेकींनी सांधा न् सांधा उकलून पुन्हा जोडला. अखेरीस दारुवर्म्याने संतापून देवाला हाक मारली. "दिलेला वर फिरवलास, देवा!"

"मी काही फिरवले नाही," वायू म्हणाला. "पतन नको, असे तूच म्हणालास. आम्हां देवांच्या वाणीत पतन म्हणजे उडणे. पक्ष्याला पतत्री का म्हणतात, शिल्प्या? त्या शब्दाला पडणे कधी चिकटले, ते तुम्ही माणसेच जाणा."

"मग पडणे तेवढे रोख, उडणे राहू दे."

"धातू एकच, पत्. त्याचे दोन अर्थ मलाही सोडवता येत नाहीत. वर परत घेतो, पण तो तुझ्याच मुखाने सोडावा लागेल."

खरे सांगायचे तर म्हाताऱ्याला बरे वाटले. विमान उठणार नव्हते, म्हणजे लेक जगणार होती. त्याने तिच्याकडे पाहिले. तीन दिवसांची उपाशी पर्णिनी पंखाला टेकून बसली होती.

"सोडू नका हवे तर," ती म्हणाली. "मी इथेच बसेन जन्मभर. तुम्हाला सोबत होईल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते त्याला सोसवेना. मग ज्या मुखाने दोन पुत्रांना अग्नी देताना मंत्र म्हटले होते, त्याच मुखाने तो म्हणाला, "पतन असो."

पर्णिनी उडाली. साल ओलांडून, कडा ओलांडून दिसेनाशी झाली. सूर्य कलला तरी दारुवर्मा मान वर करून तसाच बसून होता. शेवटी ती आली, अलगद उतरली, आणि त्याच्या पायांशी बसून म्हणाली, "तात, डावा पंख जड जातो. उद्या तासू या."

उद्या! एवढे झाले की आपण सुटलो, असे त्याला वाटले होते. तेव्हापासून आजतागायत हेच चालत आले आहे : विमान उतरते, पण ज्याचे माणूस त्यात असते, त्याच्या जिवावरचे ओझे काही उतरत नाही.