तायाप्पाचा हात

“अंगावर साधा ओरखडा न्हाई, मग माझ्या दादाला मारलं कशानं?”

हे तायाप्पानं ज्याला त्याला विचारलं.

गोष्ट आपल्या आज्यापणज्यांच्याही मागची आहे. नदीकाठच्या सोनमाळ गावात तेव्हा हळद जमिनीच्या पोटात साठवत. त्या खड्ड्याला पेव म्हणत. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकं, आणि आत खोलीएवढा अंधार. बंद पेव उघडलं की नारळ फोडायचा आणि लगेच उतरायचं. आत कुणी पडला तर त्याच्या रक्ताच्याच माणसानं त्याला काढायला जायचं, अशी तिथली रीत होती. जो जात नसे त्याच्या हातचं पाणी गाव पीत नसे.

त्या दिवशी तायाप्पाचा चुलता उतरला. वरून हाक मारली, खालून ओ आली नाही. मग सिदू उतरला. सिदू तायाप्पाचा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानंच त्याला वाढवलं होतं. त्याचीही ओ आली नाही. तायाप्पा तेव्हा नदीवर बैल धूत होता. ओल्या अंगानं धावत आला, तोवर गळ टाकून दोघांना वर ओढलं होतं. चिंचेखाली निजवलेला सिदू हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसत होता, असं म्हणतात.

गुरव म्हणाला, “पेवाला जीव लागतो.” चुलती म्हणाली, “आविष्य सरलं त्येंचं.”

तायाप्पाला हे पटेना. तापट पोर ते. त्यानं पहार उचलली आणि पेवाच्या तोंडावर घाव घालत सुटला. “कोण हायस त्यो भाईर ये!” खालून त्याचाच आवाज तेवढा परत आला.

मग तो घरी गेलाच नाही. पेवाशेजारी खोपट घालून राहिला. भावाला मारणारा एकदा डोळ्यांनी दिसावा, म्हणून त्यानं घमेल्यात दिवा ठेवून दोरानं खाली सोडला. आत ना वारा ना पाणी, तरी दिवा चिमटीत धरल्यासारखा विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तेव्हा त्यानं घोंगडी दोराला बांधली आणि आडातलं पाणी उपसावं तशी आतली हवा उपसत राहिला, हात सोलून निघेपर्यंत. मग सोडलेला दिवा मात्र तळाशी जाऊनही जळत राहिला. मारणारा काही दिसला नाही. दिवा आणि माणूस एकाच गोष्टीवर जगतात, एवढं त्याला कळलं. ती गोष्ट कोणती, हे सांगणारं कुणी नव्हतं.

पुढं पुढं त्याला जमिनीला कान लावून कळायचं की कुठलं पेव श्वास कोंडून बसलंय, असं म्हणतात. उतरण्याआधी दिवा सोडायचं, हे गावानं त्याच्याकडून घेतलं. पण तो आणखी एक सांगायचा, “पडलेल्याच्या मागं कुणी उतरू नगा,” ते कुणी घेतलं नाही.

“भाऊ मरताना बैलं धूत हुता,” लोक म्हणायचे, “आता आमास्नी पळपुटेपणा शिकवतोय.” त्याला कुणी मुलगी दिली नाही, पंगतीला बोलावलं नाही. दिवा मागायला लोक यायचे, दिवा घेऊन जायचे. तायाप्पा खोपटात एकटाच म्हातारा झाला.

एका चैत्रात वळवाचं आभाळ दाटून आलं. हळद भिजेल म्हणून सगळ्यांची घाई. किसन नावाचा गडी दिवा न सोडताच उतरला. हाक मारली, ओ आली नाही. त्याचा धाकटा भाऊ गणू पेवाकडं धावला, आणि कुठून कोण जाणे, तायाप्पा आडवा आला. त्यानं गणूला मिठी मारली.

“सोड म्हाताऱ्या! माजा भाऊ हाय आत!”

“हाय लेकरा. म्हणून तर सोडत न्हाई.”

गणूनं त्याला बुक्के मारले, चावे घेतले, शिव्या घातल्या. तायाप्पा हलला नाही. बैलजोडी लावली असती तरी ती मिठी सुटली नसती, असं म्हणतात. त्याच मिठीतून तो ओरडत होता, “घोंगडी सोडा! वारा घाला! दिवा सोडा आदी!”

लोकांनी कधी नव्हे ते ऐकलं. दिवा तळाशी जळत राहिला तेव्हा किसनला वर आणलं. तो गेलेला होता. गणू मोठ्यानं रडला, आणि रडता रडता त्याच्या ध्यानात आलं की आपल्या भोवतीचे हात गार पडलेत.

ते हात एकेक बोट उकलून सोडवावे लागले.

अजूनही सोनमाळात पेव उघडलं की आधी दिवा उतरतो, मग माणूस. आणि आत गेलेल्याच्या भावाला कुणीतरी जवळ बसवून घेतं, त्याचा हात हातात धरतं आणि आतला वर येईपर्यंत सोडत नाही. त्याला तायाप्पाचा हात म्हणतात. धरणारा ओळखीचाच असावा असं नाही. जो जवळ असेल तो धरतो.