उंची वाइन, हलकी वाइन

देवशिरी संस्थानात मोठे पाहुणे यायचे होते. मेजवानीला कोणती वाइन ठेवायची, हे ठरवायचं काम रावसाहेब दळव्यांकडे होतं. रावसाहेब विलायतेत राहून आलेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

भिवराबाई मोराडे आपल्या मळ्यातल्या द्राक्षांची सुरईभर वाइन घेऊन दरबारात आल्या. ती पसंत पडली, तर त्यांच्या गावातल्या सगळ्याच मळ्यांचं भलं होणार होतं.

रावसाहेबांनी आधी विलायती वाइनचा एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "वा! याला म्हणतात उंची वाइन!"

मग बाईंची वाइन आली. "रंग फिका," म्हणत त्यांनी एक पेला संपवला. "वास रानटी," म्हणत दुसरा. दोष शोधता शोधता सुरई रिकामी झाली, तेव्हा त्यांनी निकाल दिला, "अगदीच हलकी!"

महाराजांनी विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

भिवराबाईंनी हात जोडले. "रावसाहेबांचं दोन्ही खरं आहे, महाराज. माझी वाइन हलकी, म्हणून तर सुरई संपेपर्यंत पेला उचलणं त्यांना जड गेलं नाही. आणि ती विलायती एवढ्या उंचीची, की पहिल्या घोटानंतर त्यांचा हातच तिथवर पोचेना!"

महाराज खो खो हसले. "मेजवानीला बाईंचीच वाइन!"

रावसाहेबांनाही हसू आवरेना. "मान्य, महाराज," ते म्हणाले, "पण मेजवानीपर्यंत थांबायलाच हवं का?"