सुतारीणबाई आणि ओढ्याचे दोन काठ

फार पूर्वी, मोहाच्या एका दाट जंगलात सुतार पक्ष्यांच्या घरची एक सुतारीणबाई राहत होती. झाडांची वैद्य तीच. झाड सुकायला लागलं की तिला बोलावणं यायचं. खोडावर दोन टोले हाणून ती आतली अळी अचूक हेरायची आणि भोक पाडून ओढून काढायची. आपल्या चोचीचा तिला भारी अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

एकदा अस्वलराजा तिच्याकडे आला. त्याचा लाडका मोह अळीने आतून पोखरल्यामुळे कोसळला होता.

"बाई, झाड सुकेपर्यंत थांबायचंच कशाला?" तो म्हणाला. "उद्यापासून धडधाकट झाडंही तपासा, जंगलातली एकूण एक. दडलेली अळी सापडली की काढून टाका. आजपासून तुम्ही राजवैद्य."

राजवैद्य म्हटल्यावर सुतारीणबाईची मान ताठ झाली. पण होकार काही तोंडातून निघेना.

"महाराज, अळी शोधण्यात माझी चोच चुकत नाही," ती म्हणाली. "पण धडधाकट झाडातली अळी काढली म्हणून ते झाड जगतं का, हे मी कधी पाहिलेलं नाही. आधी जंगलातल्या ओढ्याच्या अलीकडची सगळी झाडं तपासते. पलीकडे मात्र बोलावलं तरच जाईन. पावसाळा सरला की दोन्ही काठ बघू, मग हुकूम काढा."

"चांगल्या कामाची कसली परीक्षा घेता?" राजा गुरगुरला. "तोवर माझी झाडं गेली तर?"

"आणि मीच घालवली तर?"

राजाने नाइलाजाने मान डोलावली.

पावसाळा सरला. सगळं जंगल ओढ्यावर जमलं. पोखरून पडलेली झाडं दोन्ही काठांवर सारखीच होती. अलीकडे मात्र एक नवंच दुखणं होतं. सापडलेल्या बहुतेक अळ्या निपचित पडून असणाऱ्या, झाडाला कधीच न छळणाऱ्या निघाल्या होत्या. त्यांच्यासाठी पाडलेल्या भोकांत पाणी मुरून चांगले मोह कुजायला लागले होते. ती भोकं वर, पानांआड होती. सुतारीणबाई गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"महाराज," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अळ्या मी ढीगभर शोधल्या, पण त्यामुळे एकही झाड जास्त वाचलं नाही. उलट चांगली झाडं मी आजारी पाडली. हा हुकूम काढू नका. सुकणाऱ्या झाडाकडे मी पूर्वीसारखी धावत येईनच."

"बाई, तुमच्यामुळे बाकीचं जंगल वाचलं," राजा म्हणाला. "राजवैद्य तुम्हीच."

सुतारीणबाई ताठ मानेने आपल्या मोहावर जाऊन बसली. चोचीचा अभिमान तिला होताच. त्या दिवशी तिला खरं बोललेल्या जिभेचाही वाटला.

तात्पर्य: रोग शोधला म्हणजे जीव वाचला असं नाही. सगळ्यांना लावायचा उपाय आधी थोड्यांवर पारखावा, आणि जे दिसेल ते न लपवता सांगावं.