कमळापूरचं रुसलेलं तळं

वेळ सकाळची, ठिकाण कमळापूरचा बांध. एकदा काय झालं, राजा उदेभान आंघोळीला आला, तर तळं जागेवर नाही! नुसता ओला खळगा. हातातला तांब्या हातातच राहिला.

घडलं होतं असं. राजाने महालात बसून हुकूम काढला होता, काठावरचं गवत उपटा, गुळगुळीत फरशी बसवा. त्या गवतात मासे अंडी घालतात, बरं का. पण मासे धरणाऱ्या ढिवरांना कोण विचारतो! म्हणून तळं रुसलं, उठलं आणि टेकडीपलीकडे जाऊन बसलं. आता गावाने प्यायचं काय?

मग राजाने शिपाई धाडले. तळ्याने त्यांना अशा गुदगुल्या केल्या, की शिपाई हसत हसत चिंब होऊन परत. मग राजाने सोन्याची नाव पाठवली. तळ्याने ती बुडवली, डुबुक! मग राजा स्वतः गेला, अनवाणी. सोबत सुकवारा ढिवरीण.

तळं म्हणालं, "गवत परत लाव. माझं काय करायचं ते माझ्या काठावर, सगळ्यांसमोर ठरव. आणि नियम आधी तुझ्या घराला."

"कबूल," राजा म्हणाला.

"नुसतं कबूल नको, राजेसाहेब," सुकवारा म्हणाली. "चिखलात उतरा!"

मग राजा गावी परतला आणि रिकाम्या खळग्यात गुडघाभर चिखलात उतरला. फरश्या निघाल्या, गवत लागलं. काठावर बैठक बसली आणि ठरलं, मासे अंड्यांवर आले की जाळं बंद. सगळ्यांचं.

तेवढ्यात राजाचा मेहुणा टेकडीपलीकडून तळ्यातली मरळ मासोळी घेऊन आला, पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलेलं. अजून वळवळत होती. "दाजी, खास तुमच्यासाठी!"

राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत राहिलं.

राजाने तोंड पुसलं. "मासा परत तळ्यात नेऊन सोड. जाळं इथे ठेव. आणि वर्षभर हे गवत तू राखायचंस."

"अहो, मी तर घरचा!"

"म्हणून तर सुरुवात तुझ्यापासून."

आणि मग काय! टेकडीवरून खळखळ खळखळ तळं आलं, बेडूक, बदकं, कमळं अंगाखांद्यावर घेऊन, आणि आपल्या जागी निवांत पसरलं. गाव पोटभर पाणी प्यालं, सुखाने नांदलं. मेहुणासुद्धा. चला, आता डोळे मिटा पाहू.

काय म्हणता, सगळंच परत आलं का? नाही रे बाळांनो. एका फरशीखाली सारसाचं घरटं सापडलं, अंड्यांचा चुरा झालेलं. राजा दर बैठकीत विचारतो, "ही फरशी कोणी बसवली?" अजून कोणी हात वर केलेला नाही, हुकूम काढणाऱ्या राजानेसुद्धा.