गेंदीचा घास

गुरं माणसांसारखी बोलायची ना, तेव्हाची ही गोष्ट. तांबू नावाची एक गाय होती, भलतीच सोवळी! त्याच गोठ्यातल्या गेंदी म्हशीनं तोंड लावलेल्या पाण्याला ती शिवायचीसुद्धा नाही.

एकदा तिनं टोपलीभर ज्वारी फस्त केली आणि तिचा रवंथच थांबला. दोन दिवस जबडा हलेना, डोळे खोल गेले. तिचं वासरू आचळांना ढुशा देत होतं, पण दूधच नव्हतं.

म्हातारा बैल म्हणाला, "अगं, आपण गवत आधी नुसतं गिळतो. पहिल्या पोटात बारीक जीव असतात, ते त्याला मऊ करतात. मग आपण ते परत तोंडात आणून चावतो. एवढ्या ज्वारीनं तुझे ते जीवच मेलेत बघ. दुसऱ्या कुणाच्या रवंथातला घास गिळलास, तरच वाचशील."

गेंदी पुढं आली. तिनं आपल्या तोंडातला ओला घास तांबूसमोर ठेवला.

"उष्टं?" तांबू पुटपुटली.

"उष्टंच आहे, बाई," गेंदी म्हणाली. "पण जिवंत आहे."

तांबूनं वासराकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.

तीन दिवस गेंदी घास देत राहिली. चौथ्या सकाळी तांबूचा जबडा हळूच हलला. गेंदी शेजारी बसून चावत राहिली.