पिल्लांवरचा मरळ

एकदा एक तरुण भोई तलावाकाठी गळ घेऊन बसला होता. वस्तीतल्या एका ज्ञानी वृद्धाचा तो शिष्य; पण थोरला भाऊ हैबती याच पाण्यात बुडून गेल्यापासून तो पाण्यात उतरला नव्हता, गुरूंकडेही फिरकला नव्हता. बुडणाऱ्या दोन परक्या पोरांसाठी हैबतीने उडी घेतली होती. पोरे वाचली. दहाव्याला आलेले लोक म्हणाले, "धड पोहता येत नव्हतं, तर उडी मारायची कशाला? मूर्खपणा, दुसरं काय!" ते शब्द शिष्याच्या छातीत रुतले होते, कारण त्यालाही ते खरे वाटू लागले होते.

दिवस विणीचे होते. काठालगत पाण्यावर मरळ माशाच्या तांबड्या पिल्लांचा घोळका वळवळत होता. शेजारी उभा असलेला माशांचा व्यापारी म्हणाला, "गळाला बेडूक लाव अन् टाक पिल्लांच्या मधोमध. एरवी लबाड मासा, पण या दिवसांत येडा होतो. आपणहून गळावर येतो."

शिष्याने गळ टाकला. पाणी फुटले, दोरी ताणली आणि लगेच सैल पडली.

"पुन्हा टाक! हावरा आहे, येणारच."

तेवढ्यात ते वृद्ध गुरू आले. त्यांनी आपला हात त्या पिल्लांमध्ये बुडवला. मरळाने झेप घेतली. हात वर आला तो रक्ताळलेला.

व्यापारी हसला. "बाबा, तुम्हालाच बेडूक समजला की!"

वृद्धांनी गळ उचलून शिष्यापुढे धरला. "बघ. बेडूक फाडलाय, खाल्लेला नाही. भुकेला मासा गिळतो. याला घास नको होता, पिल्लांजवळ आलेलं हाकलायचं होतं. जीव जाईल म्हणून तो बाजूला होत नाही. याला मूर्ख कोण म्हणतं? ज्याला तो आयता मारायचाय, तोच."

शिष्य फाटलेल्या बेडकाकडे पाहत म्हणाला, "बाबा... आमच्या दादाला ठाऊक होतं. धड पोहता येत नाही, हे ठाऊक होतं त्याला."

"होतंच."

"पुरे झालं कीर्तन," व्यापारी म्हणाला. "आण तो गळ इकडे."

शिष्याने गळाची काठी गुडघ्यावर मोडली. ज्या पाण्यात तो पाऊलही टाकत नव्हता, त्यात कमरेपर्यंत उतरला आणि पिल्लांकडे पाठ करून उभा राहिला.

"आणा दुसरा गळ, शेठ. टाका. मधे मी आहे."

वृद्धांनी त्याला बाहेर बोलावले नाही. हाताचे रक्त धुऊन ते काठावर बसून राहिले.

जो उडी घेतो, त्याची अक्कल काठावरच्यांनी काढू नये.